जीपच्या बॉनेटवरचं एक अक्षर

१९८३ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. गगनबावड्याला पाऊस कसा पडतो हे तिकडच्या माणसाला सांगायला नको, आणि इतरांना सांगून ते पटायचं नाही. अशाच पावसात, रात्री नऊच्या सुमारास, कोल्हापूरच्या रस्त्यावर कळ्याच्या अलीकडे आमची जीप बंद पडली. मागच्या बाकावर आजी होती. तिला दम्याचा झटका आला होता आणि तिच्या श्वासाचा आवाज पावसातूनही ऐकू येत होता. वडील सेल्फच्या बटणावर पाय देत होते. इंजिन गरगर फिरायचं, पण लागायचं नाही. चौदा वर्षांचा मी पुढे उभा राहून हँडल मारत होतो. पाऊण तासानं कोकणातून आलेला एक मालट्रक थांबला आणि आजी त्यातून दवाखान्यात गेली. ट्रकचा मागचा दिवा दिसेनासा झाल्यावर वडिलांनी सवयीनं पुन्हा एकदा बटणावर पाय दिला, आणि जीप पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

आजी नऊ दिवसांनी घरी आली. त्या जीपमध्ये मात्र ती पुन्हा कधी बसली नाही.

ही जीप माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, १९४८ साली डिस्पोजलच्या लिलावात घेतलेली. महायुद्ध संपल्यावर लष्कराचा जो माल विक्रीला निघाला त्याला आपल्याकडे ‘डिस्पोजल’ म्हणत. तंबू, ब्लँकेटं, बूट, डबाबंद खाणं आणि गाड्या, सगळं त्यात मिळायचं. मुंबईत माझगावला महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली ती १९४९च्या सुमारास. त्याआधी खेड्यापाड्यांतून ज्या जीपगाड्या दिसत, त्या बहुधा अशा युद्धावरून परतलेल्या.

मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे या गाडीची कुळी शोधल्याशिवाय मला राहवलं नाही. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती, आणि मुदत दिली होती अगदी थोड्या आठवड्यांची. पेनसिल्व्हानियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी लष्करापुढे उभी केली. पण मोठं काम मिळालं ते टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडला आणि पुढे फोर्डला. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. ज्यानं पहिली गाडी केली त्याच्या पदरात फारसं काही पडलं नाही. हे इतिहासात नेहमीचंच आहे.

आता थोडं यंत्राबद्दल बोलायला हवं. रेडिओवर चित्र काढून दाखवता येत नाही, तेव्हा आपण मनातल्या मनात पाहू. पेट्रोलचं इंजिन चालायला ठिणगी लागते. जीपच्या बॅटरीत व्होल्ट अवघे सहा. त्यातून ठिणगी उडायला हवेत दहा हजारांच्या वर. हे काम करते कॉइल. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती तारेचे दोन गुंडाळे असतात, एकाचे वेढे काहीशे, दुसऱ्याचे हजारो. पहिल्या गुंडाळ्यातला प्रवाह एकदम तोडला की दुसऱ्यात प्रचंड दाब तयार होतो. मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवलं ते हेच. प्रवाह तोडण्याचं काम डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट करतात, आणि तोडताना पॉइंट जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर बसवलेला असतो. मोटारीत ही रचना रुळवली ती डेटनच्या चार्ल्स केटरिंगनं. १९१०च्या कॅडिलॅक गाड्यांत ती प्रथम आली, आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच रचनेवर धावल्या. जीपचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर हे पॉइंट मिनिटाला चार हजार वेळा उघडतात आणि मिटतात. अंतर ठेवायचं केवळ अर्धा मिलिमीटर. विचार केला तर गाडी बंद पडते याचं नवल नाही, चालते याचंच आहे.

जीपच्या वायरिंगमधली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सेल्फला जाणारी जाड केबल वेगळी आणि कॉइलला जाणारी वायर वेगळी. कॉइलची वायर अँमीटरमधून, मग चावीच्या स्विचमधून जाते. त्यामुळे सेल्फ जोरात फिरतो म्हणजे बॅटरी चांगली आहे, एवढंच कळतं. करंट प्लगपर्यंत पोचतोय का, ते त्यावरून कळत नाही. त्या रात्री वडिलांना नेमकं हेच माहीत नव्हतं.

आमच्या गावात तेव्हा एक मिस्त्री होते. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांचं गॅरेज म्हणजे एक चिंचेचं झाड आणि एक पत्र्याची पेटी. जुलैच्या त्या प्रसंगाआधी वर्षभर जीप अशीच मधूनमधून रुसायची. मिस्त्री यायचे, प्लग काढून करंट बघायचे, पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचे, नाहीतर कंडेन्सर बदलायचे. गाडी सुरू व्हायची आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बंद. शेवटी त्यांनी कॉइल बदलली. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. गरम झाली की दगा देणारी कॉइल हा जुन्या गाड्यांचा खरोखरीचा आजार आहे. नव्या कॉइलनंतर गाडी दोन महिने बिनतक्रार चालली, आणि मग ती जुलैची रात्र आली.

दुसऱ्या दिवशी आबांनी मिस्त्रींना चावडीसमोर बोलावलं आणि चारचौघांत विचारलं, ‘‘नव्या कॉइलचे पैसे घेतलेस आणि जुनीच रंगवून बसवलीस ना?’’ मिस्त्री काही बोलले नाहीत. गावात आबांच्या शब्दाला वजन होतं. दोनेक वर्षांत मिस्त्रींकडे येणाऱ्या गाड्या कमी झाल्या, आणि ते इचलकरंजीला मागांच्या दुरुस्तीवर निघून गेले. जीप परड्यात उभी राहिली. बॉनेटवर शेणी वाळत घालायच्या, मांजरीनं खाली विणायचं, असा तिचा संसार वीस वर्षं चालला.

२००३ साली वडील गेले आणि जीप माझ्याकडे आली. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांकडून मला तिच्या मूळ लष्करी पुस्तिकेची झेरॉक्स मिळाली. अमेरिकेच्या युद्धखात्यानं १९४४ साली काढलेली, टीएम ९-८०३ क्रमांकाची. इतिहासाच्या माणसाला अस्सल साधन हाती लागलं की जेवणखाण सुचत नाही. माझं तेच झालं. त्या काळी अमेरिकी लष्करानं शेतावरून आणि दुकानांतून आलेल्या लाखो पोरांच्या हाती गाड्या दिल्या. त्यांना शिकवण्यासाठी अशा पुस्तिका काढल्या, ‘आर्मी मोटर्स’ नावाचं मासिक चालवलं, आणि विल आयस्नर या चित्रकाराकडून ‘जो डोप’ नावाचा एक वेंधळा शिपाई काढून घेतला. गाडीची हेळसांड केली की काय होतं, ते हा जो डोप स्वतःची फजिती करून दाखवायचा. आपल्याकडे एखाद्या खात्यानं असा विनोद स्वतःवर करून घेतला असता का, याची शंकाच आहे.

त्याच सुमारास मी बॉनेटचा रंग खरवडत होतो. आबांचा हिरवा, वडिलांचा निळा, मध्ये कधीतरी लावलेला तांबडा, असे थर उतरत गेले आणि खाली लष्करी रंगावर पांढरे आकडे दिसले. त्यांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर होतं, ‘एस’. ते पाहून मी पुन्हा वाचायला बसलो. हा ‘एस’ म्हणजे ‘सप्रेस्ड’. गाडीतली प्रत्येक ठिणगी ही एक छोटी रेडिओ लहर असते. मार्कोनीचे पहिले संदेश ठिणगीनंच गेले होते. जीपमध्ये किंवा जीपजवळ वायरलेस सेट असेल, तर त्यात इंजिनाची ही खरखर इतकी येई की संदेश ऐकूच येऊ नये. म्हणून काही गाड्यांत जादा कंडेन्सर, बॉडीला जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या आणि कॉइलच्या वायरीच्या वाटेत एक फिल्टर, असा बंदोबस्त केलेला असे. अशा गाडीच्या नंबरापुढे ‘एस’ लिहीत. आमची जीप कुठल्या आघाडीवर होती ते कागद नाहीत, पण तिच्या जवळपास कधीतरी वायरलेस होता असं मानायला हरकत नाही.

आमच्या जीपचा तो फिल्टर डॅशच्या मागे होता. रंगाखाली बुजलेली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक पत्र्याची डबी. मला ती लहानपणापासून माहीत होती. फ्यूजची असेल, असं आम्ही समजत होतो.

एप्रिल २००६ मध्ये मी जीप चालती केली. चौथ्या दिवशी, बारा-तेरा किलोमीटर गेल्यावर, उन्हात ती बंद पडली. या वेळी मी सेल्फ मारत बसलो नाही. चावी चालू ठेवली, हँडलनं इंजिन हळूहळू फिरवलं आणि मुलाला अँमीटरवर नजर ठेवायला सांगितलं. पॉइंट मिटले की काटा थोडा खर्चाच्या बाजूला झुकायला हवा, उघडले की शून्यावर यायला हवा. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, काटा हलतच नाहीये.’’ म्हणजे कॉइलच्या वाटेत, बॅटरीपासून पॉइंटपर्यंत कुठेतरी, करंट तुटत होता. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला लावलं आणि दुसऱ्यानं वायर चाचपत निघालो. स्विचवर दिवा लागला. कॉइलवर नाही. डबीच्या अलीकडे लागला, पलीकडे नाही. हे सगळं घाईनं करावं लागलं, कारण वीसेक मिनिटांत गाडी गार झाली आणि दिवा दोन्हीकडे छान लागायला लागला.

डबी कापून पाहिली. आतला एक डाक सुटलेला होता, हिरवट गंज धरलेला. गार असताना टोकं टेकायची, इंजिनाच्या उष्णतेनं पत्रा ताणला की अलग व्हायची. आता मिस्त्रींचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. गाडी बंद पडायची, निरोप जायचा, मिस्त्री सायकलवरून यायचे, तोवर अर्धा-पाऊण तास झालेला असायचा. ते काहीतरी बदलायचे, गाडी लागायची आणि त्या बदललेल्या वस्तूला श्रेय मिळायचं. त्या गाडीत त्यांनी बसवलेली कॉइल अजून आहे. मी ती पुसून पाहिली. नवीच होती, रंगवलेली नव्हती.

जून महिन्यात ती डबी रुमालात गुंडाळून मी इचलकरंजीला गेलो. मिस्त्री सत्तरीला आले होते, एका डोळ्यानं कमी दिसत होतं. मी आबांच्या वतीनं काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि डबी मागून घेतली. कापलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला.

‘‘ही व्हय?’’ ते म्हणाले. ‘‘म्या दोनदा म्हनलं हुतं तुमच्या आबास्नी, मालक, ही मधली डबी काढून वायर सरळ जोडू का? म्हनले, हात लावायचा न्हाई, मिलिट्रीचा माल हाय.’’

मग त्यांनी सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला, आणि डबी मला परत न देता खिडकीत ठेवून दिली.