आगकाड्यांपासून काळोख्या भविष्यापर्यंत

रत्नागिरी : निर्जीव वस्तू कॅमेऱ्यासमोर ठेवायची, तिचे एक चित्र घ्यायचे, वस्तू केसभर सरकवायची आणि पुन्हा चित्र घ्यायचे. अशी चित्रे सेकंदाला २४ या वेगाने पडद्यावर धावू लागली, की बाहुली चालू लागते. 'स्टॉप मोशन' म्हणतात ते हेच तंत्र. मिनिटभराच्या दृश्यासाठी १,४४० चित्रे! संगणकाच्या जमान्यात ते केव्हाच मागे पडायला हवे होते. मात्र विज्ञानकथेतील एक भीषण, काळोखा प्रवाह या तंत्राने जिवंत ठेवला आहे आणि तोही मोठ्या स्टुडिओंच्या आश्रयाविना.

मराठी माणसाला हे तंत्र परके नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून आणलेला कॅमेरा वाटाण्याच्या रोपावर रोखला आणि ठराविक अंतराने एकेक चित्र घेत त्याची वाढ टिपली. हा केवळ छंद नव्हता. चित्रपटासाठी भांडवल देऊ शकणाऱ्यांची खात्री पटवायची होती. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये झळकला. त्यानंतर १९१५ मध्ये त्यांनी काड्यापेटीतील काड्यांना पडद्यावर नाचवले. 'आगकाड्यांची मौज' हा तो लघुपट आज उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म स्वतःच झटकन पेट घेणारी होती, हा योगायोग चुटपुट लावणारा आहे.

कोकणात तर याची पाळेमुळे आणखी जुनी दिसतात. कुडाळजवळील पिंगुळी (१९८१ पर्यंत हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता) येथील ठाकर कलावंतांची चित्रकथी पाहावी. एकामागून एक चित्र पुढे येते आणि गोष्ट सरकते. चित्रांमधली हालचाल तेथे प्रेक्षक मनात भरून काढतो, एवढाच काय तो फरक.

आता जपानमधील ताकाहिदे होरी यांचे उदाहरण. चित्रपटाचे कोणतेही रीतसर शिक्षण नसलेल्या, अंतर्गत सजावटीचे काम करणाऱ्या या गृहस्थांनी २००९ च्या अखेरीस 'जंक हेड' सुरू केला. पहिली ३० मिनिटे पूर्ण व्हायला २०१३ उजाडले. पूर्ण लांबीचा चित्रपट २०१७ मध्ये तयार झाला आणि जपानच्या चित्रपटगृहांत २०२१ मध्ये पोहोचला. सुमारे १ लाख ४० हजार चित्रे, हाताने घडवलेल्या बाहुल्या, गंजलेल्या बोगद्यांचे देखावे, आणि बहुतेक पात्रांचे आवाजही होरींचेच. कथा अशी : माणसाने दीर्घायुष्य मिळवले, पण प्रजननक्षमता गमावली. उपाय शोधण्यासाठी एकाला भूगर्भात धाडले जाते. तेथे माणसानेच निर्माण केलेल्या आणि पुढे त्याच्याविरुद्ध उठलेल्या कृत्रिम जीवांची वस्ती आहे. नायकाचे शरीर वाटेतच उद्‌ध्वस्त होते, उरलेले डोके एका यंत्रदेहावर बसवले जाते. एवढे भयाण असूनही चित्रपटाला मिश्कील विनोदाची झालर आहे.

अमेरिकेच्या फिल टिपेट यांचा 'मॅड गॉड' मात्र त्याहून निर्दय. 'स्टार वॉर्स' मालिकेत काम केलेल्या टिपेट यांनी तो १९९० च्या सुमारास हाती घेतला. 'ज्युरासिक पार्क'च्या (१९९३) वेळी संगणकाने बाहुल्यांची जागा घेतली आणि काम बासनात गेले. सुमारे दोन दशकांनी, लोकवर्गणी व तरुण स्वयंसेवकांच्या बळावर ते पुन्हा सुरू झाले. पहिले प्रदर्शन २०२१ मध्ये लोकार्नो महोत्सवात झाले. संवाद जवळपास नाहीतच.

आपल्याकडे मुंबईतील सुरेश एरियाट यांच्या 'टोकरी'ला २०१७ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण ती बाप-लेकीची हळवी गोष्ट. मातीचे गणपती घडवणाऱ्या कोकणात हात कसबी आहेत, कॅमेरा आता खिशात आहे. सात-आठ वर्षांचा घरखर्च कोण चालवणार, हा प्रश्न तेवढा अवघड. होरी यांनी त्यावर मात करून 'जंक वर्ल्ड' हा पुढचा भाग २०२५ मध्ये प्रदर्शित केला.