दिनविशेष : १४ जानेवारी २०११ – बेन अली पळाले

२३ वर्षे ट्युनिशिया मुठीत ठेवणारे झिने अल-अबिदिन बेन अली या दिवशी विमानाने सौदी अरेबियात पळाले. राजधानीत गृहमंत्रालयासमोर दिवसभर गर्दी उसळली होती. मागणी एकच, चालते व्हा. ठिणगी पडली होती महिनाभर आधी, सिदी बुझिद या दुर्लक्षित गावात. हातगाडीवर फळे विकणाऱ्या मोहम्मद बुअझिझीचा वजनकाटा जप्त झाला. कचेरीत कोणी दाद लागू देईना, तेव्हा १७ डिसेंबरला त्याने कचेरीसमोरच स्वतःला पेटवून घेतले.

या उठावाचे लोण इजिप्त, लिबिया, येमेन, सीरियात पोहोचले. तिथे पदरात पडली ती लष्करशाही किंवा यादवी. ट्युनिशियाने मात्र २०१४ मध्ये नवी राज्यघटना आणली. कामगार, उद्योजक, वकील आणि मानवी हक्कवाल्यांच्या चार संघटनांनी भांडणारे पक्ष एका टेबलाशी बसवले होते. त्यांना २०१५ चे शांततेचे नोबेल मिळाले. ते कौतुकही फार टिकले नाही. २०२१ मध्ये अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली. हे सईद रीतसर निवडून आलेले, हे विशेष! त्याच वर्षी त्यांनी क्रांतिदिनही १४ जानेवारीवरून १७ डिसेंबरला हलवला.