आर्लिंग्टनचा वाडा

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरासमोर, पोटोमॅक नदीपलीकडील टेकडीवर एक खांबांचा वाडा उभा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नीचे नातू कस्टिस यांनी आपल्या ११०० एकरांच्या मळ्यात १८०२ साली तो बांधावयास घेतला. राबणारे हात मात्र गुलामांचे होते. पुढे तेथे त्यांचे जावई रॉबर्ट ली राहू लागले. १८६१ साली यादवी युद्ध पेटले, ली दक्षिणेच्या सैन्यात गेले आणि वाड्यात उत्तरेच्या सैन्याचा तळ पडला. जाताना मालकिणीने किल्ल्या सेलिना ग्रे या दासीच्या हाती दिल्या. वॉशिंग्टन यांच्या वस्तू चोरीस जात असल्याचे तिनेच सेनापतीस कळविले, म्हणून उरलेल्या वाचल्या. ती अद्याप गुलामच होती! १८६३ मध्ये आवारात मुक्त झालेल्या गुलामांची वसाहत वसली. १८६४ पासून तेथे सैनिकांचे दफन होऊ लागले. आज चार लाखांहून अधिक माणसे त्या भूमीत विसावली आहेत. १९२५ साली वाडा पूर्ववत् करण्याचा कायदा झाला. त्या कामात जुन्या घराची माहिती सांगावयास सेलिनाच्या मुली उपयोगी पडल्या. वाड्याच्या नावात ली यांचे स्मरण आहे. वाड्याची आठवण मात्र दासीच्या घराने जपली.