एक पाटा वाढवा, उस्ताद!

भिवंडी-कल्याण रस्त्यावर कोनगावच्या अलीकडे अब्बांची टपरी होती. टपरी म्हणजे वर पत्रे, खाली एक भाता, एक ऐरण आणि ट्रक उभा करायला मोकळी जागा. अब्बा पाटेवाले होते. ट्रकच्या चाकाजवळ वाकून पाहिलंत, तर पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या दिसतील. सर्वांत लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे, आणि खाली आखूड आखूड होत गेलेले बाकीचे. गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर. खड्डा आला की हे पाटे सरळ होतात, खड्डा गेला की पुन्हा वाकतात. एकमेकांवर घासत असल्यामुळे गाडीचं हिंदकळणंही थोडं आवरतात.

तुटलेला पाटा घेऊन कुणी आलं, की अब्बांचा पहिला प्रश्न ठरलेला: “रिकामी किती, भरलेली किती?” मला लहानपणी वाटायचं, ही त्यांची गिऱ्हाइकाशी बोलायची लकब असावी. पाटा तापवून त्याला कमान द्यायची, तेलात विझवायचा, मग पुन्हा बेताचा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा, हे सगळं मी पाहत होतो. त्या प्रश्नाचा अर्थ मात्र फार उशिरा कळला.

आपल्या बैलगाडीला पाटे नव्हते. आख, चाक, चाकावर लोखंडी धाव, आणि वर सरळ साटी. दगडावर चाक चढलं की तो दगड माणसाच्या माकडहाडाला आणि बैलाच्या खांद्याला एकाच वेळी कळायचा. बोरघाटातला गाडीरस्ता 1830 साली सुरू झाला, रेल्वेने घाट ओलांडला 1863 साली. मधली तेहतीस वर्षं घाटातली बरीचशी वाहतूक बैलांच्या मानेवरून झाली. जुनी माणसं गाडीत पेंढ्याचा जाड थर घालून वर घोंगडी अंथरायची. आपल्याकडचं पहिलं सस्पेन्शन म्हणायचं तर तो पेंढाच.

इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट नावाच्या गाडी बांधणाऱ्याने 1804 साली लंबगोल पाट्यांचं पेटंट घेतलं. दोन कमानी तोंडाला तोंड लावून जोडायच्या आणि गाडीचा सांगाडा थेट त्यांवर ठेवायचा. त्यामुळे गाडीच्या पोटाखालची जड लाकडी तुळई काढून टाकता आली. गाडी हलकी झाली आणि बसणाऱ्याची हाडंही वाचली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या याच घराण्यातल्या. 2015 साली उच्च न्यायालयाने त्या बंद करायला सांगेपर्यंत गेटवेच्या रस्त्यावर हौशी मंडळी त्यांतून फिरत होती. मी एकदाच बसलो. माझं लक्ष घोड्याकडे नव्हतं, समुद्राकडेही नव्हतं. खाली वाकून पाटे पाहत होतो.

अशा चार चाकी घोडागाडीच्या पुढच्या आखावर एक आडवं लोखंडी कडं असतं. वळताना पुढची चाकं आखासकट त्या कड्यावर फिरतात. ते जमिनीला कधी टेकत नाही, तरी इंग्रजीत त्याचं नाव ‘फिफ्थ व्हील’, पाचवं चाक. पुढे घोडा गेला, इंजिन आलं, पण नाव राहिलं. आज न्हावा-शेव्याहून कंटेनर घेऊन येणाऱ्या ट्रेलरचं नाक ज्या तेलकट तबकडीवर टेकलेलं असतं, तिलाही गॅरेजमध्ये फिफ्थ व्हीलच म्हणतात.

ही ट्रेलरची जात रूढ केली ती एका लोहाराने, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रुहॉफ लोहारकाम करायचा, गाड्या बांधायचा. 1914 साली एका लाकूड व्यापाऱ्याला आपली होडी दूर न्यायची होती. फ्रुहॉफने फोर्ड मोटारीच्या मागे जोडता येईल अशी गाडी करून दिली. व्यापाऱ्याला ती इतकी पटली, की त्याने लाकडं वाहायलाही तशाच गाड्या मागितल्या. पुढे 1920च्या दशकाच्या अखेरीस ग्लेन कर्टिस या विमान बनवणाऱ्या माणसाने मोटारीमागे ओढायचं घरच तयार केलं. घर आणि मोटार जोडायच्या जागी त्याने विमानाचं हवा भरलेलं चाक आडवं बसवलं. म्हणजे पाचवं चाक खरोखरच चाक झालं, आणि मोटारीला बसणारा धक्का घरात शिरण्याआधीच त्या हवेत मुरू लागला.

तिकडे आजही हजारो कुटुंबं अशी घरं ओढत फिरतात. घराच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पुढच्या गाडीवर, बाकीचा ट्रेलरच्या दोन-तीन आखांवर. गंमत म्हणजे त्या घरांच्या खालीही बहुधा अब्बांचेच पाटे असतात. दोन आखांच्या पाट्यांमध्ये एक झुलती पट्टी असते. एक चाक वर गेलं की ती दुसऱ्यावर भार ढकलते. कारखान्यातून येताना तिच्यात स्वस्तातले प्लॅस्टिकचे बुश असतात. ते लवकर झिजतात, मग लोखंडावर लोखंड घासतं, बोल्टची भोकं लांबट होतात. जाणती माणसं ते बुश काढून पितळी जातीचे बसवतात, ग्रीस भरता येईल असे बोल्ट टाकतात, झुलत्या पट्टीत रबर घालतात, शॉक ॲब्सॉर्बर जोडतात. यांपैकी एकाही कामाने गाडीची भार उचलायची ताकद वाढत नाही. सुधारणा होते ती धक्का मुरण्यात.

आमच्याकडे सुधारणेचा अर्थ नेमका उलटा होता. “एक पाटा वाढवा, उस्ताद!” ट्रकवाले यायचे ते हेच म्हणत. पाटा वाढवला की गाडी दोन टन जास्त भरली तरी बसत नाही. अब्बा वाढवून द्यायचे आणि सांगायचे, “वाढवतो. पण आता ही रिकामी चालवू नकोस.” कारण जास्तीचा पाटा भरलेल्या गाडीत वाकतो, रिकाम्या गाडीत तो दगड होतो. ट्रक तर परतीला बरेचदा रिकामाच असतो.

हे आमच्या घराने स्वतः भोगलंय. 1983 साली आम्ही ठाकुर्लीला राहायला आलो. सामान आणलं ते अब्बांच्याच एका गिऱ्हाइकाच्या ट्रकमधून. आठवड्यापूर्वी अब्बांनीच त्याला दोन पाटे वाढवून दिले होते. आमचं सामान ते किती! दोन पेट्या, एक कपाट, गाद्या, भांडी. म्हणजे ट्रक रिकामाच. ठाकुर्लीत उतरवून पाहतो तर अम्मीच्या लोणच्याच्या पाचपैकी चार बरण्या फुटलेल्या, कपाटाचा आरसा तडकलेला, तेल माझ्या शाळेच्या पुस्तकांवर. अम्मी अब्बांना एवढंच म्हणाली, “तुमचे पाटे तुम्हीच खा आता.” त्या वर्षीचं माझं भूगोलाचं पुस्तक शेवटपर्यंत कैरीच्या वासाचं होतं.

बरण्यांवर हसता आलं. त्या ट्रकच्या ड्रायव्हरचं तसं नव्हतं. तो अब्बांना ‘उस्ताद’ म्हणायचा, मला गोळ्या आणायचा. तीनेक वर्षांनी तो टपरीवर आला तो काठी टेकत. कमरेचे मणके गेले होते. पस्तिशीचा माणूस. मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. तो तक्रार करायला आला नव्हता, नुसता चहा प्यायला आला होता. अब्बांनी त्या दिवसापासून पाटे वाढवायचं काम बंद केलं. गिऱ्हाईक निम्म्याने तुटलं, कारण शेजारच्या टपऱ्या होत्याच. घरात यावरून भांडणंही झाली. कॉलेजची फी भरायची होती आणि मी अब्बांच्या विरुद्ध बाजूला होतो.

जादा भार भरला की दंड भरून सुटायची वाट बरीच वर्षं उघडी होती. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दंड घेऊन जादा माल तसाच पुढे जाऊ देता येणार नाही. रस्त्याचं गणितही असंच निष्ठुर आहे. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इलिनॉय राज्यात मोठ्या चाचण्या झाल्या. आखावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती सुमारे सोळा पट होते, असं त्यांतून दिसलं. म्हणजे वाढवलेल्या पाट्याने मालकाचे पैसे वाचले, रस्ता खचला, आणि त्या रस्त्यातला खड्डा त्याच ड्रायव्हरच्या मणक्यांत परत आला. 2018 साली केंद्र सरकारने चार टायरच्या आखाची मर्यादाच 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. नव्या मजबूत गाड्यांचा विचार करता ते चूक म्हणवत नाही, पण खालचा रस्ता बहुतेक ठिकाणी जुनाच होता.

अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते लोकलमध्ये. जुन्या डब्यांखाली पोलादी स्प्रिंगा असायच्या. डबा भरला की दबायच्या, रिकामा झाला की डब्याला वर उचलायच्या. 2007 साली पश्चिम रेल्वेवर हवेच्या स्प्रिंगांची नवी लोकल आली, मग मध्य रेल्वेवरही. रबराच्या जाड फुग्यावर डबा टेकलेला. माणसं चढली की झडपेतून आपोआप जास्त हवा आत येते, उतरली की बाहेर जाते. रिकामी किती आणि भरलेली किती, हे ती झडप प्रत्येक स्टेशनावर विचारते. सकाळी ठाकुर्लीला दारात लटकणाऱ्याला हे सांगून उपयोग नाही, हेही खरं. पण रात्रीच्या रिकाम्या गाडीने परतताना फरक कळतो. अब्बा त्या गाडीत एकदाच बसले. काही बोलले नाहीत, बुटाच्या टाचेने जमीन दोनदा दाबून पाहिली.

2021 साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून चाकावरच्या घराचं वेड आपल्याकडेही थोडं थोडं दिसतंय. मागच्या वर्षी डोंबिवलीच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी जुना मालवाहू टेम्पो घेऊन आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी असं घर बसवलं. कोकणच्या पहिल्याच फेरीत ओट्याचे स्क्रू निघाले, ताटं जमिनीवर आली. ‘पाटे कमजोर असतील, वाढवून घ्यावेत का?’ म्हणून त्यांनी मला फोन केला. मी त्यांना कोनगावला अब्बांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाकडे पाठवलं. त्याने गाडीला हात लावला नाही. आधी वजनकाट्यावर पाठवलं, एकदा टाकी रिकामी ठेवून, एकदा पूर्ण भरून. दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या, खाली वाकून पाटे मोजले आणि त्यांतले दोन काढून टाकले.