रायफलची दुर्बीण : विशालन किती असावे?

अमेरिकेत पिके, कुरणे किंवा पशुधन यांना उपद्रव देणाऱ्या प्राण्यांना ‘व्हार्मिंट’ म्हटले जाते. प्रेअरी डॉग, वुडचक, कायोटी हे त्यांतील प्रमुख होत. खारीच्या कुळातील प्रेअरी डॉगचे वजन जेमतेम किलोभर असते आणि त्यावर अनेकदा दोनशे ते चारशे यार्डांवरून नेम धरला जातो. साहजिकच या शिकारीत रायफलवरील दुर्बिणीचे विशालन, म्हणजे लक्ष्य किती पट मोठे दिसते, याला महत्त्व येते.

विशालन जितके अधिक तितके चांगले, हा समज मात्र फसवा आहे. 6.5 ते 20 पट क्षमतेच्या दुर्बिणीतून किमान विशालनाला शंभर यार्डांवरील सुमारे 14 फूट रुंदीचा परिसर दिसतो. 20 पटीला तो पाच-सहा फुटांवर येतो. प्रकाशाचेही तसेच. पुढच्या भिंगाच्या व्यासाला विशालनाने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. 40 मिलिमीटरच्या भिंगात 8 पटीला तो 5 मिलिमीटर, तर 20 पटीला अवघा 2 मिलिमीटर असतो. संध्याकाळी बाहुली विस्फारलेली असताना हे चित्र अंधुक दिसते. शिवाय तापलेल्या जमिनीवरील हवेची थरथर आणि हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो.

म्हणून निवड लक्ष्यानुसार करावी. आवाज देऊन जवळ बोलावलेल्या, धावत्या कायोटीसाठी 3 ते 9 किंवा 4 ते 12 पट पुरेसे ठरते. टेकूवर रायफल ठेवून प्रेअरी डॉग टिपणारे 6 ते 18 किंवा 6.5 ते 20 पट पसंत करतात. कमी विशालनावर लक्ष्य शोधावे आणि मगच ते वाढवावे. अधिक विशालनाच्या दुर्बिणीत पॅरॅलॅक्स दूर करण्याची सोय हवी. अन्यथा डोळा किंचित हलताच नेम सरकल्यासारखा दिसतो. नेमरेषा दुसऱ्या नाभीय प्रतलात असेल, तर तिच्यावरील अंतरखुणा एका ठरावीक, बहुधा कमाल, विशालनालाच अचूक ठरतात.

खरा प्रश्न ओळखीचा आहे. प्रेअरी डॉगच्या वसाहतींत बिळात राहणारी घुबडे असतात, तर युटा प्रेअरी डॉग ही जात कायद्याने संरक्षित आहे. अरुंद दृश्यक्षेत्रात शेजारचा प्राणी किंवा बाजूने येणारा माणूस नजरेतून सुटतो. त्यामुळे टेहळणी साध्या दुर्बिणीनेच करावी. खात्री न झालेल्या हालचालीवर रायफल कधीही रोखू नये. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीवर कडक निर्बंध आहेत. पिकांचे नुकसान झाले तरी रीतसर परवानगीविना बंदूक उचलता येत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे.