कडू लेप आणि पिलाचे दात

मंडळी, महाभारताची सुरुवात कशी होते असे विचारले, तर कुणी शंतनूचे नाव घेईल, कुणी जनमेजयाच्या सर्पसत्राचे. पण आदिपर्वात सर्पसत्राच्याही आधी एका कुत्र्याच्या पिलाची हकीकत येते. कुरुक्षेत्रावर जनमेजय आणि त्याचे भाऊ सत्राला बसले होते. तिथे देवांच्या कुत्रीचे, सरमेचे, पिलू आले. भावांनी त्याला झोडपून हाकलले. पिलू रडत आईकडे गेले. हविर्द्रव्याला आपण तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही, असे त्याने सांगितले. सरमा तडक सत्रमंडपात आली आणि निरपराध पिलाला का मारलेत, म्हणून तिने जाब विचारला. कुणालाच उत्तर देता येईना. तेव्हा, न दिसणारे भय तुमच्यावर येईल, असा शाप देऊन ती निघून गेली. जनमेजय इतका घाबरला की सत्र संपल्यावर शापाच्या निवारणासाठी तो पुरोहित शोधत फिरला.

कुत्र्याला संस्कृतात सारमेय म्हणतात, ते या सरमेवरूनच. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला, त्यात ‘सारमेयविनोद’ असे एक प्रकरणच आहे.

पिलाच्या तोंडापायी झालेली ही मारहाण आजही घरोघर चालू आहे. चप्पल कुरतडली, पोराची वही फाडली, दाव्याचे सूत उसवले, की पहिली आठवण काठीची होते! फार झाले तर पिलू पोत्यात घालून शिवेपार सोडून येतात. म्हणून आज आपण काठीऐवजी माणसाने दुसरे काय काय केले त्याचा इतिहास पाहू. तो इतिहास कडू आहे, म्हणजे अगदी चवीने कडू!

आधी पिलाची बाजू ऐका. पिलाला दुधाचे दात २८. ते तिसऱ्या आठवड्यापासून येतात आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास पडू लागतात. सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिलाला काहीतरी चावल्यावाचून चैन पडत नाही. त्यातून चप्पल म्हणजे कातडे. त्याला तेलाचा आणि आपल्या घामाचा वास. आपण ते पायात घालतो, पिलाला तो खाऊच वाटतो.

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दोन माणसांच्या सांगाड्यांबरोबर एका कुत्र्याची हाडे सापडली. ती सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची आहेत. ते कुत्रे म्हणजे सात महिन्यांच्या आतबाहेरचे पिलू होते. त्याच्या दातांच्या कवचावर जबर आजाराच्या खुणा आहेत. त्यावरून संशोधकांनी असे अनुमान काढले, की माणसांनी आठवडेच्या आठवडे निगा राखली म्हणूनच ते तितके जगले. त्या माणसांच्या वहाणा त्याने खाल्ल्या की नाही कोण जाणे! आपल्या प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली धातूचा एक रथ सापडला. त्यालाही बैल जुंपलेले आहेत, हाकणारा उभा आहे आणि मधल्या दांडीवर कुत्रा आहे. म्हणजे सोबत जुनीच.

आता कडूकडे वळू. रोमन लोक शेतीवर फार बारकाईने लिहीत. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात केटो नावाच्या मुत्सद्द्याने लिहिलेले शेतीचे पुस्तक आजही वाचायला मिळते. ऑलिव्हचे तेल गाळल्यावर खाली जे काळे, कडवट पाणी उरते, ते आटवून कपड्यांच्या पेटीला चोळावे, म्हणजे कसर लागत नाही, असे तो सांगतो. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोल्युमेला झाला. उन्हाळ्यात माश्या कुत्र्यांचे कान फोडतात, म्हणून कानांना कडू बदाम वाटून लावा, असे त्याचे सांगणे. पेटीतल्या किड्याला मारायला जायचे नाही, माशीमागे धावायचे नाही. जी वस्तू राखायची तिलाच कडू करून ठेवायची. युक्ती हीच. (कडू बदामाचा उपाय मात्र घरी करू नका. त्यात विषारी अंश असतो आणि कुत्रे अंग चाटते.)

हीच युक्ती आयांना कधीपासून ठाऊक आहे, याला गणती नाही. पोराचे अंगावरचे दूध तोडायचे असले, की आपल्याकडे कडुनिंबाचा पाला वाटून लावीत. इंग्लंडातही असेच. शेक्सपिअरचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ १५९७ साली प्रथम छापले गेले. त्यात ज्युलिएटची दाई, दवण्याच्या जातीची एक कडू वनस्पती लावून आपण तिचे दूध कसे तोडले, ते मोठ्या खुशीत सांगत बसते. पण यातली एक गोष्ट विसरू नका. आई पोराला कडू चाखवते, तेव्हा शेजारी मऊ भाताची वाटीही ठेवते. नुसते कडू लावून पोराला उपाशी ठेवले तर ते रडून घर डोक्यावर घेईल.

पुढे औषधाच्या दुकानांतून काळा बोळ आला. काळा बोळ म्हणजे कोरफडीच्या पानातला पिवळा चीक वाळवलेला. अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरून त्याचा व्यापार फार पूर्वीपासून चाले. सतराव्या शतकात वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरही त्याचे उत्पादन सुरू झाले. इंग्रजांच्या घरी नखे खाणाऱ्या मुलांच्या बोटांना तोच लावीत. पण काळा बोळ मूळचा रेचक. पिलाने चाटला तर वहाण वाचेल आणि अंगण बिघडेल.

मार का लागू पडत नाही आणि चव का लागू पडते, याचा उलगडा रशियातल्या पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून होतो. पचनावरच्या कामासाठी त्याला १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तो कुत्र्याच्या तोंडात काळे रंगवलेले अम्ल घाली. ते घालवायला तोंडाला लाळ सुटे. काही वेळा असे झाल्यावर नुसते काळे पाणी दुरून दाखवले तरी लाळ सुटू लागली. त्या कुत्र्यांनी फार सोसले, हेही सांगितले पाहिजे. पण बोध स्पष्ट आहे. तोंडात जे झाले त्याची सांगड कुत्रे समोरच्या वस्तूशी घालते, आणि तीही तत्क्षणी. दुपारी चप्पल खाल्ली आणि संध्याकाळी मार बसला, तर पिलू चपलेला नव्हे, आपल्याला भिऊ लागते.

यानंतरची गोष्ट १९५८ सालची. स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरी टी. अँड एच. स्मिथ या औषधांच्या कंपनीत, अंग बधिर करणाऱ्या औषधांवर काम चालले होते. त्यात हाती आला एक विलक्षण कडू पदार्थ, डेनॅटोनियम बेन्झोएट. दहा लाख भाग पाण्यात दहा भाग मिसळले तरी बहुतेक माणसांना ते पाणी तोंडात धरवत नाही. स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून तो त्यात घालू लागले. कुत्र्यांसाठी विकत मिळणाऱ्या काही कडू फवाऱ्यांतही तो असतो. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालायचे एक द्रव्य गोड लागते, पण असते जहरी. ते पिऊन मुले आणि कुत्री दगावत, म्हणून अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९९१ साली त्यात कडू पदार्थ घालण्याचा कायदा केला. पुढच्या पाहणीत मुलांच्या विषबाधेत मात्र फारसा फरक आढळला नाही. तेव्हा कडू चवीवर हवाला ठेवून कीटकनाशकाचा डबा किंवा विजेची वायर पिलाच्या तोंडाशी ठेवू नये.

घरच्या घरी काय करायचं, ते सांगतो. एक वाटी शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि दोन वाट्या पाणी, किंवा कडुनिंबाच्या पाल्याचा गाळलेला काढा. आधी चिंधीवर थोडा लावून डाग पडतो का ते बघा. मग जी वस्तू पिलू चावते तिला रोज लावा, कारण वास आणि चव दोन्ही उडून जातात. लेप वस्तूला लावायचा, पिलाच्या तोंडाला कधीही नाही. मिरचीपूड नको, डोळ्यांत जाते. तंबाखूचे पाणी, रॉकेल, फिनेल हे तर विषच. काही पिले अशी निघतात की त्यांना कडूचे काहीच वाटत नाही. तिथे लेप सोडून द्यावा आणि वस्तूच उचलून ठेवावी.

आणि भाताची वाटी? ती म्हणजे जाड सुती दोराची गाठ किंवा पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याचा पीळ. हिरड्यांना गारवाही मिळतो. मात्र धागे सुटू लागले की ते काढून घ्या, पोटात जाऊ देऊ नका. पिलाने चप्पल सोडून गाठ धरली की त्याच क्षणी शाबासकी द्या. शिजवलेले हाड देऊ नका, ते फुटून घशात टोचते. पक्के दात पुरते येऊन चावण्याचा सोस ओसरेपर्यंत वहाणा खुंटीला टांगलेल्या बऱ्या.