वर्धा जिल्ह्याचे सहा प्रश्न आणि त्यांच्यामागचा पडदा



आजच्या व्याख्यानाची सुरुवात आम्ही प्रश्नपत्रिकेने करणार आहोत. घाबरू नका, गुण नाहीत. आम्ही दोघं-तिघं मित्र दर रविवारी सकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी सामान्यज्ञानाचे प्रश्न काढतो. त्यातलेच सहा प्रश्न इथे आणले आहेत. सगळे आपल्या वर्धा जिल्ह्याशी जोडलेले. सहाही उत्तरांमधून एकच धागा जातो, तो मात्र तुम्ही ओळखायचा.

पहिला प्रश्न. वर्धा नदी ही दोन राज्यांची सीमा ठरल्याची गोष्ट कोणत्या संस्कृत ग्रंथात येते? दुसरा. आर्वी तालुक्यासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर कोणत्या राजकन्येचं माहेर मानतात? तिसरा. सेलू तालुक्यातलं केळझर म्हणजे महाभारतातली कोणती नगरी, असं लोक सांगतात? चौथा. पवनारला विनोबांना जमिनीत कोणाच्या भेटीचं शिल्प सापडलं? पाचवा. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचे ठरले, तेव्हा काँग्रेसचे खजिनदार कोण होते? आणि सहावा. पुढे सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींच्या मनात लहानपणी कोणता पौराणिक राजा घर करून बसला होता?

मुलांना हे प्रश्न दिले तेव्हा धागा म्हणून बहुतेकांनी 'गांधीजी' लिहिलं. काहींनी 'नदी' लिहिलं. दोन्ही उत्तरं चूक. आता एकेक प्रश्न उलगडू, म्हणजे तुम्हालाच कळेल.

आधी आमची एक चूक कबूल करतो. पहिल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत आम्ही विचारलं होतं, 'वर्धा शहर कोणत्या नदीच्या काठी आहे?' आणि उत्तर छापलं होतं 'वर्धा'. पुलगावहून येणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, नदी आमच्या पुलगावला आहे. वर्धेत कुठे आहे?" सगळा वर्ग हसला. बरोबरच होतं तिचं. शहराला नाव नदीचं, पण शहर नदीपासून दूर. १८६२ साली नागपूरपासून वेगळा जिल्हा केला तेव्हा मुख्य ठाणं पुलगावजवळ कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडीला हलवलं आणि तिथे आजचं शहर वसलं. पण ती मुलगी पुढे जे बोलली ते आमच्या जास्त लक्षात राहिलं. ती म्हणाली, "आमच्याकडे पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, सर."

हा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, पूर्वी राज्य बदलत असे, आणि त्याच्याही पूर्वी एका नाटकात याच नदीवर राज्याची वाटणी झाली होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र'. आपण त्याला राजाच्या प्रेमाचं नाटक म्हणून ओळखतो. विदिशेचा राजा अग्निमित्र, राणी धारिणी, तिच्या पदरी असलेली मालविका, नृत्य शिकवणाऱ्या दोन गुरूंचं भांडण. पण या प्रेमकथेच्या मागे विदर्भातलं एक राजकारण चालू असतं. विदर्भाचा राजा यज्ञसेन आपला चुलतभाऊ माधवसेन याला कैद करतो. मालविका ही त्याच माधवसेनाची बहीण, वेष आणि ओळख लपवून राहिलेली. अग्निमित्राची फौज यज्ञसेनाचा पराभव करते. मग शेवटच्या अंकात निर्णय होतो तो असा : यज्ञसेनाला संपवायचं नाही, दोघा भावांना राज्य वाटून द्यायचं. एक वरदेच्या उत्तरेला, एक दक्षिणेला. वरदा म्हणजे आपली वर्धा.

नाटक हा इतिहासाचा दस्तऐवज नाही, हे आम्हाला मान्य आहे. कालिदास शुंगांच्या नंतर कितीतरी शतकांनी झाला. पण त्याच्या प्रेक्षकांना विदर्भाची वाटणी म्हटल्यावर हीच नदी पटत होती, एवढं तर त्यातून कळतं. आता पुढचं पाहा. १८०३ च्या डिसेंबरात, अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव झाल्यावर, दुसऱ्या रघूजी भोसल्यांना इंग्रजांशी देवगावचा तह करावा लागला. त्या तहात वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. नदीच्या अलीकडे भोसले, पलीकडे निजाम. तहाच्या मेजावर कोणी कालिदास उघडून बसलं नव्हतं. नदी मोठी असली की सीमा आखणाऱ्याचा हात आपोआप तिच्याकडे जातो. पण ही रेषा एकदा पडली ती टिकली. पुढे वऱ्हाड आणि मध्य प्रांत हे दोन्ही इंग्रजांच्या ताब्यात आले तरी १९०३ पर्यंत त्यांचे कारभार वेगळे होते. मध्ये शंभर वर्षं गेली. आजही आपल्याकडे पुलगावच्या पलीकडचा पाहुणा आला की 'वऱ्हाडातले आहेत' म्हणतात. नाटकातल्या भावांची वाटणी आपल्या सोयरिकीच्या बोलण्यात अजून आहे.

दुसरा प्रश्न सोपा. पलीकडच्या काठावर कौंडिण्यपूर, आज अमरावती जिल्ह्यात. रुक्मिणीचं माहेर. रुक्मीला बहीण शिशुपालाला द्यायची होती, तिच्या मनात कृष्ण. ही कथा कीर्तनातून घरोघर माहीत होतीच. पण १९१६ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'संगीत स्वयंवर' आलं, भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि रुक्मिणी म्हणून बालगंधर्व. त्यानंतर मराठी घरांना रुक्मिणीचा आवाज मिळाला. कौंडिण्यपूर कधीही न पाहिलेल्या माणसालाही तिथल्या राजवाड्यातली घालमेल पाठ झाली.

आता धागा कळला असेल. मागच्या रांगेतून 'नाटक' असं ऐकू आलं. बरोबर. पण नुसता धागा ओळखून काम संपत नाही. तो कशाला बांधलेला आहे, ते पाहू.

केळझरला लोक एकचक्रा नगरी समजतात. पांडव तिथे लपून राहिले आणि भीमाने बकासुराला मारलं, अशी कथा. याच भीमाची दुसरी कथा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला सांगतात. तिथे त्याने कीचकाला मारून दरीत टाकलं म्हणे, म्हणून ते मूळचं कीचकदरा. लोककथा म्हणून ही ऐकायची. पण हीच कथा १९०७ साली रंगमंचावर आली आणि सरकारला ती लोककथा वाटली नाही. नाटक खाडिलकरांचंच, 'कीचकवध'. ते 'केसरी'तले, टिळकांचे सहकारी. लॉर्ड कर्झन बंगालची फाळणी करून दोनच वर्षांपूर्वी परत गेला होता. प्रेक्षकांनी कीचकात कर्झन पाहिला, द्रौपदीत हिंदुस्थान, धीर धरा म्हणणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि उसळणाऱ्या भीमात जहाल. नाटकात कर्झनचं नावसुद्धा नाही. तरी व्हॅलेंटाइन चिरोलने आपल्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात या नाटकाची दखल घेतली आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली.

बंदी घालायला कायदा लागतो. तो १८७६ चा, नाट्यप्रयोगांचा कायदा. त्याचं मूळ कलकत्त्यात. 'नीलदर्पण' या नाटकाने निळीच्या मळेवाल्यांचे जुलूम रंगमंचावर दाखवले होते. नंतर प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवरून एका बड्या वकिलाची टर उडवणारा प्रहसनाचा प्रयोग झाला. सरकार चिडलं, आधी वटहुकूम काढला, मग कायदा केला. बंगालमध्ये तयार झालेली ही बेडी पुण्याच्या नाटकाला बसली. हा कायदा केंद्राच्या कायदेपुस्तकातून गेला कधी, माहीत आहे? २०१८ साली. इंग्रज जाऊन सत्तर वर्षं झाल्यावर. आमच्या मुलांना 'कीचकवध'चे लेखक कोण हे पाठ असतं. मात्र न घेतलेल्या नावाला सरकार का घाबरलं, हे त्यांना कोणी विचारत नाही.

पवनारकडे थोडक्यात वळू. विनोबा १९३८ मध्ये तिथे राहायला गेले आणि शेत खणताना राम-भरत भेटीचं शिल्प मिळालं. पवनारला रामकथेची आणखीही शिल्पं मिळाली आहेत, वाकाटक काळातली. वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास केला. आता विदर्भाचाच नाटककार भवभूती आठवा. त्याने स्वतःचं गाव पद्मपूर सांगितलं आहे आणि मिराशींनी ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळ दाखवलं. त्याच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक कसा आहे? राम आणि सीता आपल्याच आयुष्याची चित्रं भिंतीवर पाहत उभे आहेत. एकेक प्रसंग पाहताना जुनं दुःख वर येतं आणि त्याच दिवशी सीतेच्या वनवासाचा निर्णय होतो. पवनारच्या शिल्पांवरून त्याला हे सुचलं, असं आमचं म्हणणं नाही. पण रामकथा दगडात मांडून पाहणारा हा प्रदेश आणि ती चित्रांतून रंगमंचावर पाहणारा हा कवी, दोघं एकाच मुलखातले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पाचवं उत्तर, जमनालाल बजाज. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे स्वागताध्यक्ष, नंतर खजिनदार. १९२१ च्या एप्रिलमध्ये विनोबा वर्धेत आले आणि त्याच सुमारास एक कोटीचा संकल्प झाला. हा पैसा कुठून आला? व्यापाऱ्यांनी दिला, बायकांनी दागिने दिले, आणि नाटकवाल्यांनीही दिला. ८ जुलै १९२१. मुंबईत 'संयुक्त मानापमान'. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. दोघांचे चाहते एकमेकांशी भांडत. फंडासाठी हे दोघं एका रंगमंचावर उभे राहिले, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. आपल्या माणसाचं गाणं वरचढ व्हावं, म्हणून लोक कान टवकारून बसले होते. प्रयोग असा झाला की आजही त्याचं नाव निघतं. एक कोटीच्या हिशेबात ही रक्कम लहानच. पण आपली स्पर्धा बाजूला ठेवणं हे नटाला पैशांपेक्षा महाग पडतं. आणि पुढचं दुःख बघा. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले. वय एकतीस. फंडाचा हिशेब पाहणारा वर्धेचा व्यापारी आणि गळ्यातलं सोनं देणारा हा नट, दोघांचं नाव एका प्रश्नात घ्यायला हवं की नको?

आता शेवटचा प्रश्न. सेवाग्रामच्या कुटीत गेलं की आपल्याला दिसते चटई, चरखा, साधेपणा. तिथे नाटक कुठून येणार? पण गांधीजींची आत्मकथा उघडा. राजकोटला लहान असताना वडिलांची परवानगी काढून ते एका कंपनीचं 'हरिश्चंद्र' नाटक पाहायला गेले. पाहून मन भरेना. पुन्हा पुन्हा कोण जाऊ देणार? मग त्यांनी मनातल्या मनात ते कितीतरी वेळा करून पाहिलं, स्वतःच हरिश्चंद्र होऊन. सगळ्यांनीच हरिश्चंद्रासारखं खरं का वागू नये, हा प्रश्न त्या मुलाला तिथे पडला. आणि पुढे मोठेपणी ते प्रांजळपणे लिहितात, की हरिश्चंद्र ऐतिहासिक पुरुष नसावा असं बुद्धी सांगते, तरी आपल्यासाठी तो जिवंतच आहे.

आम्ही इतिहासाची माणसं. हे वाचून आम्ही थांबलो. घडलेलं काय आणि रचलेलं काय, हे वेगळं करणं आमचं कामच आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. पण रचलेल्या गोष्टीने माणसाचं वागणं बदललं, तर तो बदल घडलेलाच असतो. त्या मुलाने नाटक पाहिलं, हे घडलं. सरकारने 'कीचकवध'वर बंदी घातली, हे घडलं. ८ जुलैच्या रात्री दोन स्पर्धक एकत्र गायले, हे घडलं. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीचं उत्तर येतं, त्यामागची माणसं येत नाहीत.

म्हणून आमच्या रविवारच्या प्रश्नपत्रिकेत आता प्रत्येक प्रश्नाखाली आणखी एक ओळ असते : 'मग काय झालं?' त्या ओळीला गुण नाहीत, तरी मुलं तीच सर्वात जास्त भरून आणतात.

जाता जाता एक विनंती. समोर बरीच वडीलधारी मंडळी बसली आहेत. तुमच्या गावात गणपतीत नाटक बसत असेल, दंडार होत असेल. कुणाच्या आजोबांनी स्त्रीपार्ट केला असेल, कुणाच्या घरून पडद्यासाठी लुगडी गेली असतील, कुणी पेट्रोमॅक्सला हवा भरली असेल. गावाचं नाव, नाटकाचं नाव, साल, कोणी काय केलं, एवढं एका कागदावर लिहून ठेवा. हस्तलिखित वही असेल तर रद्दीत टाकू नका. कालिदासाला सांभाळायला विद्यापीठं आहेत, बालगंधर्वांना सांभाळायला रेकॉर्ड आहेत. तुमच्या गावच्या नाटकाला सांभाळायला फक्त तुम्ही आहात. तुम्ही लिहिलं नाही, तर पुढच्या प्रश्नपत्रिकेत तो प्रश्नच येणार नाही.

सभेनंतर आम्ही दाराशी वही घेऊन बसतो आहोत. सांगायला या.